हिवाळ्याचे देणे

कण्हेर हे आपल्याकडे कोणी विकत आणून, जागा निवडून लावण्याचे झाड नव्हे. कुंपणाच्या कडेला, विहिरीजवळ, दफनभूमीच्या भिंतीलगत ते आपले उभे असते. कोणीतरी कधीतरी एक फांदी मातीत खोचलेली असते आणि पुढे तिचे काय झाले याची चौकशी केलेली नसते. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, कारण मुळापासून फुलापर्यंत ती विषारी आहे. अलीकडे महामार्गांच्या दुभाजकांत तिच्या रांगा दिसतात. वरून ऊन, खालून तापलेले डांबर, दोन्ही अंगांनी धूर, आणि तरीही ऐन उन्हाळ्यात ती गुलाबी फुलांनी डवरलेली असते. चिवटपणाचे उदाहरण शोधायचे झाले तर कण्हेरीच्या पलीकडे जावे लागू नये.

हीच कण्हेर आल्प्स पर्वताच्या उत्तरेला गेली, की तिचे नाव ‘नाजूक झुडपां’च्या यादीत लागते. म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना या भागांत ती सहसा जमिनीत लावत नाहीत. थोरल्या कुंडीत किंवा लाकडी पिंपात वाढवतात. शरद ऋतू सरता सरता, कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी, दोन-तीन माणसे मिळून ते पिंप उचलतात आणि तळघरात, जिन्याखाली किंवा काचेच्या पडवीत नेऊन ठेवतात. वसंतात पुन्हा बाहेर आणतात. वर्षातून दोनदा, वर्षानुवर्षे हे चालते. शिक्षणासाठी बव्हेरियात असताना मी ज्या धर्मगुरुनिवासात राहत होतो, तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना अशा दोन कण्हेरी होत्या, आणि पहिल्याच शरद ऋतूत त्या उचलायला मला हाक मारण्यात आली. आपल्याकडे जिला कोणी तांब्याभर पाणी घालत नाही, तिच्यासाठी तीन माणसे घाम गाळताना पाहून मला हसू आले. सॅक्रिस्टन मात्र गंभीर होता. त्यातले एक झाड त्याच्या आजीने लावलेले होते.

मग नाजूक कोणाला म्हणायचे? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी अ‍ॅरिस्टॉटलचे दहा पदार्थप्रकार आमच्याकडून पाठ करून घेतले जात. त्यांत ‘गुण’ हा एक प्रकार आणि ‘संबंध’ हा दुसरा. भिंतीचा पांढरेपणा हा गुण. तो भिंतीबरोबर राहतो. भिंत कोणाच्या तरी डावीकडे आहे हा संबंध. तो माणूस उठून गेला की संपतो. त्या वयात ही काथ्याकूट वाटे. परंतु नाजूकपणा हा शब्द व्याकरणात गुणवाचक असला, तरी वस्तुतः तो संबंधाचा शब्द आहे हे मला त्या दोन पिंपांनी दाखवले. कण्हेर नाजूक नाही. कण्हेर आणि बव्हेरियाचा जानेवारी या दोहोंमध्ये नाजूकपणा आहे. आणि त्या दोहोंची गाठ कण्हेरीने घातलेली नाही; ती माणसाने घातली आहे. इथूनच नैतिक प्रश्न सुरू होतो.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थंडी झाडाला नेमके काय करते हे पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या वाचकाला त्याची कल्पना सहसा नसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आपली थंडीची धाव बहुधा तेवढीच. झाडातले पाणी गोठून पेशी फुटतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बर्फ बहुतेक वेळा प्रथम पेशींच्या मधल्या पोकळ्यांत धरतो. तो पेशीतले पाणी बाहेर ओढून घेत राहतो आणि पेशी आतून कोरडी पडत जाते. थंड प्रदेशातील झाडांना हे कोरडेपण सोसण्याची सवय असते. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या, की ती नवी वाढ थांबवतात, पेशींमध्ये शर्करा साठवतात, कोवळे लाकूड पक्के करतात. ही तयारी काही आठवड्यांची असते आणि ती क्रमाने व्हावी लागते. डिसेंबरात जे झुडूप मोठी थंडी निमूटपणे सोसते, तेच झुडूप तयारीपूर्वीच्या एका हलक्या गोठणीत काळे पडते. म्हणून जाणता माळी ऑगस्टनंतर खत देत नाही. उशिरा दिलेल्या खताने हिरवेगार, लुसलुशीत धुमारे फुटतात आणि पहिल्याच थंड रात्री ते गळून पडतात. औदार्यालाही ऋतू असतो हे प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांत आम्ही सांगत असतो. माळ्याला ते प्रवचनाविना ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. सदाहरित झुडपांपैकी कित्येक हिवाळ्यात थंडीने मरत नाहीत, तहानेने मरतात. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही. पण वर आकाश निरभ्र असते, ऊन पडलेले असते, वारा वाहत असतो, आणि पाने आपला ओलावा हवेत सोडतच राहतात. चोहोकडे पाणी आहे, परंतु ते बर्फाच्या रूपात आहे, म्हणून उपयोगाचे नाही. ऱ्होडोडेंड्रॉनची पाने अशा दिवसांत नळीसारखी गुंडाळून खाली लोंबतात. मालकाला वाटते झाड गारठले. ते तहानेलेलेही असते. त्यावर उपाय असा, की गोठण येण्यापूर्वी भरपूर पाणी द्यावे, आणि हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हापासून, ज्याचे आपल्याला इतके अप्रूप, झाडावर गोणपाटाची सावली धरावी. कुंडीतल्या झाडाची अवस्था तर अधिकच बिकट. जमिनीतल्या मुळांना सभोवारची माती सांभाळते. कुंडीला गारठा सर्व बाजूंनी भिडतो, आणि मुळे ही खोडाइतकी काटक कधीच नसतात. म्हणून कुंडीभोवती गोणपाट व गवत गुंडाळायचे आणि ती दगडी फरशीवरून उचलून लाकडाच्या तुकड्यांवर ठेवायची.

आता खरेदीविषयी. मार्चअखेर युरोपातल्या रोपवाटिका फुलून येतात. बाहेर अजून गोठणीची भीती असते. आत मात्र कण्हेर, लिंबू, बोगनवेल, जास्वंद, कॅमेलिया यांच्या रांगा कळ्या-फुलांनी लगडलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशी रोपे टस्कनीतल्या पिस्तोयासारख्या उबदार भागांत किंवा नेदरलँड्समधल्या तापवलेल्या काचगृहांत वाढलेली असतात. गिऱ्हाईक फुलाला भुलते हे विक्रेत्याला ठाऊक असते, म्हणून झाडाला वेळेआधी फुलवलेले असते. चिठ्ठीवर फुलाचे रंगीत चित्र आणि किंमत ठळक असते. हिवाळ्यात काय करावे ते तापमापकाच्या एका इवल्या खुणेत आटोपलेले असते. लाकूड पक्के झालेले नाही, मुळे कुंडीभर गुंतलेली आहेत आणि बाहेर एप्रिलची रात्र आहे. झाड मेले तर मालक हळहळतो आणि मे महिन्यात दुसरे आणतो. मेलेल्या झाडामागे दुसरे विकले जाते, यात व्यापाराचे नुकसान नाही. २०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे इंधनवायूचे भाव भडकले तेव्हा नेदरलँड्समधील अनेक काचगृहमालकांनी ऊब कमी केली किंवा काचगृहे रिकामी ठेवली. वसंताचा हा देखावा किती वायू जाळून उभा राहतो ते त्या हिवाळ्यात प्रथमच अनेकांच्या ध्यानात आले.

जुन्या लोकांची रीत वेगळी होती. जर्मन शेतकऱ्यांच्या पंचांगात मेच्या मध्यावर ‘हिमसंत’ येतात: १२ मे रोजी संत पँक्रस, १३ रोजी संत सर्व्हेशियस, १४ रोजी संत बोनिफेस आणि १५ रोजी ‘थंड सोफी’, म्हणजे संत सोफिया. सर्व्हेशियस बिशप होते आणि बाकीचे हुतात्मे. थंडीशी त्यांचा कसलाही संबंध नाही. थंडीची शेवटची लाट त्यांच्या सणांच्या सुमारास येते, एवढ्यासाठी बिचाऱ्यांच्या माथी हे नाव बसले. या संतांना ओलांडल्याखेरीज नाजूक झाड बाहेर काढायचे नाही, हा नियम. त्यातही १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारले तेव्हा तारखा दहा दिवसांनी पुढे सरकल्या. त्यामुळे जुन्या अनुभवाचा दिवस आजच्या पंचांगात थोडा पुढे पडतो आणि सावध माणसे मेअखेरपर्यंत धीर धरतात. कण्हेर मात्र यांतली काटक. हलकी गोठण ती थोडा वेळ सोसते, म्हणून तिला आत उशिरा न्यावे आणि बाहेर लवकर काढावे असे सांगतात. माझ्या सॅक्रिस्टनचा खरेदीचा नियम आणखी सोपा होता. रोपवाटिकेत तो एकच प्रश्न विचारी: या झाडाने मागचा हिवाळा कुठे काढला? उत्तर मिळाले नाही, तर तो रिकाम्या हाती परत येई.

अमेरिकेत या बाबतीत नकाशा असतो. तिथल्या कृषिखात्याने १९६० साली तो प्रथम काढला. वर्षातली सर्वांत थंड रात्र किती थंड असते, याची दीर्घकाळाची सरासरी काढून देशाचे पट्टे पाडले आहेत. एखाद्या गावाची ओळख त्याच्या सर्वांत वाईट रात्रीवरून करायची ही पद्धत मला आवडते. माणसांच्या बाबतीत ती अन्यायाची ठरेल, पण झाडाला ती उपयोगी पडते. २०२३ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा देशाचा सुमारे अर्धा भाग अर्ध्या पट्ट्याने अधिक उबदार दिसला. तेव्हा आता बिनघोर नाजूक झाडे घ्यावीत, असा मोह होतो. परंतु सरासरी म्हणजे वचन नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये जी थंडीची लाट आली तिने लिंबूवर्गातली झाडे, ताड आणि कण्हेरी जाळून टाकल्या. कित्येकांनी घाईने ती उपटली. ज्यांनी खोडाची साल नखाने खरवडून पाहिली, खाली हिरवे नसले तरी मुळांवर भरवसा ठेवून उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली, त्यांच्याकडच्या अनेक कण्हेरी जमिनीलगत पुन्हा फुटल्या.

नाजूक झाड बाळगण्यामागे नेहमी प्रेमच असते असे मात्र नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली आपला अर्थमंत्री फुके याला अटक केली, आणि त्याच्या बागेतील संत्र्याची झाडे पुढे व्हर्सायला आली. त्यांच्यासाठी १६८४ ते १६८६ या काळात वास्तुशिल्पी आर्दुआँ-मांसार यांनी जी इमारत बांधली ती आजही उभी आहे: दक्षिणाभिमुख, दीडशे मीटरहून लांब मध्यवर्ती दालन, जाड भिंती, दुहेरी खिडक्या. आत शेगडी नसतानाही हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या वर राहतो. आजही तिथे हजारांहून अधिक झाडे पेट्यांत आहेत, काहींचे वय दोनशे वर्षांपुढचे. शरदात ती आत जातात आणि मेमध्ये बाहेर येतात. उत्तरेच्या हिमात संत्रे फुलवून दाखवणे ही सत्तेची भाषा होती. ऋतू माझे ऐकतो, असे राजाला सांगायचे होते. त्या पेट्या उचलणाऱ्या माणसांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. राजाचा गर्व गेला, राजेशाही गेली, क्रांती झाली, आणि झाडांची ने-आण मात्र थांबली नाही. हेतू अशुद्ध असूनही पाळलेला शब्द पाळलेलाच राहतो.

शब्द मी म्हणालो. पण झाडाला शब्द देता येतो काय? संत थॉमस अक्वीनास येथे आपल्याला थांबवतील. त्यांनी प्रेमाचे दोन प्रकार केले. कोणाचे तरी भले इच्छिणे हे मैत्रीचे प्रेम. आणि ज्या वस्तूने ते भले होते, त्या वस्तूविषयीचे ते अभिलाषेचे प्रेम. आपल्याला द्राक्षारस आवडतो किंवा घोडा आवडतो तेव्हा ते दुसऱ्या प्रकारात मोडते. मद्याशी मैत्री जोडणे हे त्यांना हास्यास्पद वाटते. कण्हेरही त्याच रांगेत बसेल. तिला सुखदुःख नाही, तिच्याशी करार नाही, तेव्हा तिचे ऋणही नाही. हा युक्तिवाद पक्का आहे आणि झाडांना माणसासारखे हृदय असल्याचे मानणाऱ्या भाबड्या लिखाणापेक्षा मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

तरीही त्यातून एक गोष्ट निसटते. नीतिशास्त्र शिकताना दया आणि न्याय यांतला भेद आम्हाला पुनःपुन्हा समजावला जाई. रस्त्यात पाय मोडून पडलेल्या माणसाला मी उचलले, तर ती दया. त्याचा पाय माझ्या गाडीने मोडला असेल, तर त्याला उचलणे ही दया राहत नाही. ते माझे देणे असते, आणि त्याबद्दल आभारांची अपेक्षा करणे निर्लज्जपणाचे असते. गरज जगात असते त्या गरजेपुढे आपण उदार होऊ शकतो. जी गरज आपण निर्माण केली तिच्यापुढे आपण फक्त कर्जदार असतो. झाड न्यायाचा वादी होऊ शकत नाही हे कबूल. परंतु ज्याला आपल्यावाचून उभे राहता येणार नाही अशा जागी मी एका जिवाला नेले, ही माझी कृती आहे, आणि कृतीचा हिशेब कर्त्याकडे राहतो, मग समोरचा जीव बोलका असो वा मुका. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाला बागेत ठेवले तेव्हा त्याला दिलेल्या कामासाठी मूळ हिब्रूत दोन क्रियापदे आहेत: एकाचा अर्थ राबणे, सेवा करणे असा होतो आणि दुसऱ्याचा राखणे असा. विकत घेणे हे तिसरे क्रियापद आपण मागाहून जोडले.

झाड विकत घेणारा माणूस पैसे देतो तेव्हा सौदा संपला असे समजतो. वास्तविक दुकानात फक्त उन्हाळ्याची किंमत दिलेली असते. हिवाळ्याचे देणे राहिलेले असते.

हे देणे कशा प्रकारे फेडायचे यातही चुका होतात, आणि बहुतेक चुका अतिमायेच्या असतात. तिथल्या जाणत्या माळ्यांचे सांगणे असे, की घरात आणलेली कण्हेर थंडीपेक्षा उबेने अधिक मरते. मालक तिला बैठकीच्या खोलीत, तापवलेल्या हवेत ठेवतो आणि रोज पाणी घालतो. त्या दिवसांत सूर्य जेमतेम दिसतो. ऊब आहे पण प्रकाश नाही, अशा स्थितीत झाड फसते. फिकट, लांबुडके, दुबळे धुमारे काढते. त्यावर खवले कीड आणि लाल कोळी चढतो. मुळे ओल्या मातीत कुजतात. लिंबाचे तर असे होते, की खिडकीतल्या उन्हाने पाने तापतात, गार फरशीवरच्या कुंडीतली मुळे झोपलेली राहतात, आणि पाने पाणी मागून मागून गळतात. या झाडांना हवी असते ती गारव्याची पण न गोठणारी, उजेडाची जागा. पाच ते दहा अंश, क्वचित पाणी, उघडी खिडकी, आणि मालकाचा हात थोडा आवरलेला. वसंतात बाहेर काढतानाही एकदम उन्हात ठेवायचे नाही, कारण सावलीत राहिलेली पाने करपतात. आठ-पंधरा दिवस भिंतीच्या आडोशाला, मग उघड्यावर. ज्याला जगवायचे त्याला झोपू द्यावे लागते. आम्हा धर्मगुरूंना, आणि आईबापांनाही, हे पथ्य अवघड जाते.

यावर कोणी म्हणेल, इतका खटाटोप हवा कशाला? ज्या मातीतले झाड त्या मातीत असावे. थंड देशात थंड देशाची झुडपे लावावीत. हा सल्ला समंजस आहे आणि शंभरांतल्या नव्वद बागांना तो द्यावा असेच मी म्हणेन. पण त्याचा नियम करू गेलो, तर तो आपल्याच अंगणात येऊन आपटतो. आपल्या दफनभूमीत क्रुसांवर पांढरी फुले ढाळणारा खुरचाफा अमेरिका खंडातला आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ हे शार्ल प्लुमिये या मिनिम संघाच्या फ्रेंच व्रतस्थाच्या नावावरून आले आहे. जपान-चीनची कॅमेलिया जॉर्ज कॅमेल या मोराव्हियात जन्मलेल्या येशूसंघीय बंधूच्या नावाने ओळखली जाते. तो फिलिपाइन्समध्ये औषधी वनस्पतींचा अभ्यास करीत १७०६ साली वारला. मिरची, काजू, पेरू, अननस हे सारे बाहेरचे. ‘आपल्या मातीतले’ हा शब्द झाडांपासून माणसांपर्यंत किती लवकर पोहोचतो, हे अलीकडच्या काळात आपण पाहिले आहे. म्हणून तो उच्चारताना मी दबकतो.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. आपल्या रानांत माजलेली घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून अमेरिका खंडातून भारतात आली. आज तिने जंगलेच्या जंगले व्यापली आहेत. गुरांचा चारा तिच्याखाली गेला. आणि बव्हेरियात हीच घाणेरी कुंडीत, रंग बदलणाऱ्या फुलांचे नाजूक झाड म्हणून, कण्हेरीशेजारी तळघरात हिवाळा काढते. प्रथम पाहिले तेव्हा मी तिला ओळखलेच नाही. तिथे थंडी तिला लगाम घालते, इथे लगाम घालणारे कोणी नव्हते. तेव्हा परका जीव आणावा की नाही, याचे एकच उत्तर नाही. आणणाऱ्याने पुढचे किती पाहिले आहे, आणि पाहिल्यावर तो किती काळ थांबणार आहे, यावर ते अवलंबून राहील.

पोटासाठी देशांतर केलेल्या माणसांचे झाडांशी नाते मात्र राजाच्या संत्र्यासारखे नसते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दक्षिण इटलीतून आलेल्या कामगारांनी परसदारी अंजीर लावले. शरदात ते फांद्या दोरीने एकत्र आवळत, त्यांवर गोणपाट, जुनी पोती, ताडपत्री गुंडाळत आणि शेंड्यावर पाऊस आत शिरू नये म्हणून बादली पालथी घालत. काहीजण एका बाजूची मुळे छाटून अख्खे झाड चरात आडवे करीत आणि मातीने झाकून टाकत. वसंतात ते पुन्हा उभे करीत. अंजीर बाजारात मिळत नव्हते म्हणून हा उद्योग होता असे नव्हे. आपल्या लोकांचेही तेच. टोरँटोजवळच्या मिसिसागात मुंबई-वसई-गोव्याकडची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी असते, एखाद्या घरी मोगरा असतो. आपल्या वाडीत ज्याला कोणी मोजत नाही, त्याची तिथे पाने मोजतात.

आणि त्या खिडकीशी कित्येकदा एक वृद्ध आई बसलेली असते. तिच्याविषयी लिहिण्यासाठीच बहुधा मी ही लेखणी उचलली आहे. वसईला असताना ती पहाटे उठून वाडीला पाणी दाखवी, फुलांच्या पुड्या बांधून गाडीला लावी, भांडण झाले तर गल्लीला ऐकू जाईल असे भांडे, मिस्साला पायी जाई. नवरा गेल्यावर मुलाने तिला कॅनडात नेले. जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली, पायरीवर बर्फ, दार उघडायचे तर मुलगा कामावरून यायला हवा. नातवंडांची भाषा वेगळी. चर्च गाडीच्या अंतरावर. दोन वर्षांत त्या बाईला घरात सगळे ‘नाजूक’ म्हणू लागतात: आईला जपावे लागते, आईचे काही खरे नाही. मुलगा वाईट नाही. तो खोली तापवतो, औषधे आणतो, आणि गावी आलेल्या पत्रांत वा फोनवर ‘आम्ही आईचे सारे करतो’ असे सांगतो. त्या ‘करतो’मध्ये जो उपकाराचा सूर असतो, तो मला खटकतो. ती इथे कोणाच्या जिवावर नव्हती. तिला लागणारा आधार हा तिच्या वयाने आला तितकाच त्या स्थलांतराने आला आहे.

झाडाशी तुलना इथे पुरती लागू पडत नाही हे मान्य केले पाहिजे. झाडाला कोणी विचारत नाही. आईला विचारले होते, आणि नातवंडांच्या ओढीने ती ‘येते’ म्हणाली होती. तिने होकार दिला तेव्हा तिला हिवाळा ठाऊक नव्हता. मुलाला ठाऊक होता. ज्याला ठाऊक होते त्याच्याकडे देणे अधिक. ते उबदार खोलीने फिटेल असे मला वाटत नाही, कारण तिची तहान वेगळी असू शकते: तिच्या बोलीत बोलणारे कोणी, आठवड्यातून एकदा तरी गाडीने मिस्सा, स्वतःच्या हातची काही कामे, पैशाची छोटी पिशवी, आणि वर्षातून काही महिने गावी परत येण्याची मुभा. पिंपातली कण्हेरसुद्धा वर्षभर आत ठेवत नाहीत.

हा उलटा प्रवासही मी पाहतो. मुले परदेशी, आईबाप वाडीत एकटे; शेजारी सांभाळतात. तो प्रश्न निराळा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

नाजूक झाड बाळगणारा माणूसही म्हातारा होतो, याचा विचार रोपवाटिकेत कोणी करत नाही. चाळीसाव्या वर्षी उचललेले पिंप सत्तराव्या वर्षी उचलत नाही. जर्मनीत अशी झाडे हिवाळ्यापुरती भाड्याने सांभाळणाऱ्या रोपवाटिका आहेत. शरदात गाडी येते, झाड घेऊन जाते, मेमध्ये आणून देते. ज्यांना ते परवडत नाही ते ओळखीपाळखीत विचारत फिरतात: थोरले झाड आहे, फुकट देतो, न्यायला माणसे आणा. पुष्कळदा कोणी येत नाही. आमच्या धर्मगुरुनिवासातल्या कण्हेरींचा प्रश्न सॅक्रिस्टनने वेगळ्या रीतीने सोडवला. गुडघे दुखू लागले त्या वर्षी त्याने जूनमध्ये धारदार सुरीने वीतभर लांबीच्या काड्या कापल्या, खालची पाने काढली, आणि जुन्या बिअरच्या गडद बाटल्यांत पाणी भरून त्यांत एकेक काडी उभी केली. बाटल्या उत्तरेच्या खिडकीत ठेवल्या. काही आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागली. मग रविवारच्या मिस्सानंतर दाराशी टेबल मांडून त्याने त्या वाटल्या, आणि ज्याला त्याला, बाटली हातात देण्यापूर्वी, एकच विचारले: तुमच्याकडे गार पण न गोठणारी जागा आहे ना?